सजगतेची बैठक वस्तीवस्तीत व्हावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात गेल्या काही वर्षांत ध्यान आणि 'माइंडफुलनेस' म्हणजे सजगता या विषयांवरील कार्यशाळांच्या जाहिराती पुष्कळ वाढल्या आहेत. हॉटेलांच्या वातानुकूलित सभागृहांत शनिवार-रविवारची शिबिरे होतात, कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षक बोलावतात, आणि ज्यांना तेवढा खर्च झेपत नाही ते कानात इअरफोन घालून मोबाइलमधील ॲपच्या सूचनांप्रमाणे घरी बसतात. या मार्गांनी अनेकांना साधनेचा पहिला परिचय झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु या सर्व प्रकारांत सजगता ही ज्याने त्याने विकत घ्यायची आणि एकट्याने वापरायची वस्तू होऊन बसली आहे, याचे मला वाईट वाटते. ही साधना वस्तीने मिळून, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी आणि विनामूल्य करण्याची आहे, आणि नागपुरात तर तिच्यासाठी लागणारे जवळजवळ सर्व काही आधीपासून उपलब्ध आहे. महानगरपालिका, विहारांच्या समित्या, वाचनालये आणि गृहनिर्माण संस्था यांनी याचा गांभीर्याने विचार करावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्यांनी हे कधी केलेले नाही, त्यांच्या मनात याविषयी उगाच गूढ असते. प्रत्यक्षात करायचे एवढेच, की पाठ ताठ ठेवून स्वस्थ बसावे, नाकावाटे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यावे, मन दुसरीकडे गेले की ते गेल्याचे लक्षात घ्यावे आणि स्वतःवर न चिडता पुन्हा श्वासाकडे यावे. मन जाणारच, ते गेल्याचे लक्षात येणे हाच साधनेचा गाभा आहे. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, रोखायचा नाही, डोळ्यांसमोर कोणती आकृती आणायची नाही. हळूहळू हीच नजर शरीरातील संवेदनांकडे, मनातील राग-भीतीकडे आणि रोजच्या कामांकडे वळते.

याचे मूळ भगवान बुद्धांच्या उपदेशात आहे आणि ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. काया, वेदना (सुख-दुःखाच्या संवेदना), चित्त आणि धम्म (येथे मनात येणारे विषय) या चार गोष्टींकडे सजगपणे पाहण्याची रीत पाली भाषेतील 'सतिपट्ठान सुत्ता'त सविस्तर आली आहे. एखादी गोष्ट सर्वांना पचावी म्हणून तिचे मूळ झाकून ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. मूळ सांगूनही ती सर्वांसाठी खुली ठेवता येते. लक्षात घेण्यासारखे म्हणजे हा उपदेश भिक्षुसंघासमोर केलेला आहे. साधना ज्याची त्यालाच करावी लागते, हे खरे. पण ती टिकवून धरायला संघ लागतो, ही व्यवस्था सुरुवातीपासूनची आहे.

आधुनिक काळातही ज्यांनी हे काम मनापासून केले, त्यांनी ही व्यवस्था सोडली नाही. सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि त्यांनी विपश्यनेची 10 दिवसांची शिबिरे सुरू केली. या शिबिरांत साधक पूर्ण मौन पाळतात, एकमेकांकडे पाहतही नाहीत. तरीसुद्धा दिवसातून तीन वेळा एकेक तास सर्वांनी ध्यानकक्षात एकत्र बसलेच पाहिजे, असा नियम आहे. शिबिर संपल्यावरही जुन्या साधकांनी आठवड्यातून एकदा सामूहिक साधनेला जावे, असे आवर्जून सांगितले जाते. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णांसाठी जो अभ्यासक्रम सुरू केला, तोही काही आठवड्यांचा आणि गटाने एकत्र येऊन करण्याचा होता. व्हिएतनामचे भिक्षू थिक न्हात हान्ह यांनी 1982 मध्ये फ्रान्समध्ये स्थापन केलेल्या प्लम व्हिलेजमध्ये घंटा वाजली, की स्वयंपाकघरातील माणसापासून बागेतील माणसापर्यंत सर्वजण हातातले काम थांबवून तीन श्वास सजगपणे घेतात. जगभर या साधनेचा प्रसार झाला तो असा, समूहांच्या आधाराने. मोबाइलच्या पडद्यावर येताना नेमका हा समूहच गळून पडला.

मी सेवानिवृत्त परिचारिका आहे. आमच्या भागातील काही शेजारी मिळून आम्ही आठवड्यातून एकदा पहाटे अर्धा तास एकत्र बसतो. त्या अनुभवातून एक गोष्ट मला ठामपणे सांगता येते. एकट्याने बसलेला माणूस पाचव्या मिनिटाला उठतो. कधी कुकरची शिट्टी होते, कधी दुधाची पिशवी येते, कधी नुसताच कंटाळा येतो. शेजारी आणखी दहा माणसे स्थिर बसलेली असली की तोच माणूस उठत नाही. हा धाकाचा परिणाम नाही. दुसऱ्यालाही गुडघा दुखतो आहे, त्याचेही मन भरकटते आहे आणि तरी तो बसला आहे, एवढे जाणवले की आपली चुळबुळ कमी होते.

यात स्त्रियांचा विचार मला वेगळा मांडावासा वाटतो, कारण तो सहसा कोणी मांडत नाही. आपल्याकडच्या घरात बाईला एकटीला अर्धा तास डोळे मिटून बसता येत नाही. ती बसली की तिची तब्येत बिघडली असे घरच्यांना वाटते, किंवा ती रुसली आहे असे वाटते. लहान मूल मांडीवर येऊन बसते, कोणीतरी चहा मागते, आणि तिला स्वतःलाही आपण रिकाम्या बसलो आहोत असे वाटू लागते. 'मी बैठकीला जाऊन येते' असे सांगून ती घराबाहेर पडू शकली, तर मात्र तो अर्धा तास तिचा होतो आणि घरही तो मान्य करते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक काकू आणि ताई याच कारणाने येतात, हे त्यांनीच मला सांगितले आहे. घरी शांत बसायला स्वतंत्र खोली आणि सवड असलेल्यांना समूहाची गरज कदाचित कमी भासेल. ज्यांच्याकडे यापैकी काहीच नाही, त्यांच्यासाठी वस्तीतील बैठक हाच एक मार्ग आहे. दोन खोल्यांच्या घरात सहाजण राहणारे कुटुंब, परगावाहून येऊन भाड्याच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा, रात्रपाळी करून परतणारा सुरक्षारक्षक, हे सगळे त्यात आले. रोजंदारीवर काम करणाऱ्याला 10 दिवसांचे शिबिर करणे जवळपास अशक्य असते, मग ते शिबिर विनाशुल्क का असेना.

आता नागपूरविषयी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी लाखो अनुयायांसह जेथे धम्मदीक्षा घेतली, ती दीक्षाभूमी या शहरात आहे. इंदोऱ्यापासून दक्षिण नागपूरपर्यंत वस्त्यावस्त्यांत लोकांनी स्वतःच्या घामाच्या पैशांतून विहारे बांधली आहेत. कळमेश्वर मार्गावर माहुरझरीजवळ 'धम्म नाग' हे विपश्यना केंद्र आहे. कामठी मार्गावरील नागलोक या बौद्ध प्रशिक्षण केंद्रात आनापानसती (श्वासाकडे सजगपणे पाहणे) आणि मैत्रीभावना (सर्वांविषयी मैत्रीचा भाव जोपासणे) या दोन्ही साधना शिकवल्या जातात. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बौद्ध मंदिराच्या परिसरातही विपश्यना केंद्र आहे. दुसऱ्या बाजूला, विदर्भाच्या खेड्यापाड्यांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909-1968) गुरुदेव सेवा मंडळांना पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना असा नेम घालून दिला, तो मोझरीच्या गुरुकुंजात आणि अनेक गावांत आजही पाळला जातो. सर्व जातीधर्मांच्या माणसांनी एका ठिकाणी, एका रांगेत बसावे, हा महाराजांचा आग्रह होता. म्हणजे एकत्र शांत बसण्याचे दोन मोठे प्रवाह या मातीत आहेत. दुःखाची बाब अशी, की शहरात हे प्रवाह एकमेकांना फारसे भेटत नाहीत. विहारात होणारे ध्यान हे 'त्यांचे' आणि मंडळाचे ध्यान 'यांचे', असे अजूनही अनेक सुशिक्षित घरांत बोलले जाते. महागड्या शिबिरात जी गोष्ट आधुनिक म्हणून आनंदाने शिकली जाते, तीच आपल्या मागच्या गल्लीतील विहारात दर रविवारी विनामूल्य होते, हे माहीत असूनही पाय तिकडे वळत नाहीत. या अडचणीचे नाव जात आहे, हे स्पष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. वस्तीची सामाईक बैठक झाली, तर निदान एका सतरंजीवर एका वेळी बसण्याची सवय तरी लागेल.

एक गंभीर आक्षेप आंबेडकरी चळवळीतील काही कार्यकर्त्यांकडून मी ऐकला आहे आणि तो मला टाळायचा नाही. त्यांचे म्हणणे असे, की डोळे मिटून बसण्याने माणूस आतल्या आत वळतो, अन्यायाविरुद्ध बोलायचे सोडून तो शांतपणे सहन करायला शिकतो. ज्या वस्तीत नळाला पुरेसे पाणी येत नाही, तेथील बाईला 'श्वासाकडे पाहा' असे सांगणे हा तिचा अपमान आहे, आणि कामगारांवर दुप्पट कामाचा बोजा टाकून वर त्यांच्यासाठी ताणमुक्तीचे शिबिर भरवणे हीही फसवणूकच आहे. या आक्षेपातील सत्य मला मान्य आहे. परंतु त्यावरचा उपाय साधना सोडून देण्यात नाही. ती एकट्याच्या समाधानापुरती न ठेवता समूहात आणण्यात आहे. बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे, की धम्म हा मूलतः सामाजिक आहे. एकट्या माणसाला त्याची गरज नसते, दोन माणसांचा संबंध आला की त्याची गरज निर्माण होते. आमच्या बैठकीनंतर माणसे एकमेकांशी बोलू लागली, तेव्हा मला याचा अर्थ नीट कळला. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. त्या भागातून येणारे एक कुटुंब आमच्यात आहे. रात्री जोराचा पाऊस लागला की अजूनही झोप लागत नाही, हे त्या घरातील ज्येष्ठ गृहस्थांनी आधी कोणालाच सांगितले नव्हते. ते पहिल्यांदा बैठकीनंतर बोलले. त्यांच्या बोलण्यातून पुढे नाल्यांच्या सफाईविषयीचे सर्वांच्या सह्यांचे निवेदनही तयार झाले. शांत बसल्याने ही माणसे गप्प झाली नाहीत.

परिचारिका म्हणून मला काही सावधगिरीच्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत, कारण उत्साहाच्या भरात त्या मागे पडतात. ही साधना औषधाची जागा घेऊ शकत नाही. 2014 मध्ये 47 वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला; त्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा अल्प ते मध्यम स्वरूपाचा उपयोग दिसून आला, चमत्कार दिसला नाही. तीव्र नैराश्य, भास होणे किंवा मोठ्या आघाताच्या आठवणी यांनी ग्रासलेल्या व्यक्तीला डोळे मिटून दीर्घकाळ बसल्याने अधिक त्रास होऊ शकतो. अशा व्यक्तीला डोळे उघडे ठेवण्याची, उठून चालण्याची, मधूनच निघून जाण्याची पूर्ण मुभा असली पाहिजे, आणि कोणाच्याही सांगण्यावरून मानसोपचाराच्या गोळ्या बंद करता कामा नयेत. बैठकीच्या जागी शासनाच्या 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक ठळक अक्षरांत लावावा, तो विनामूल्य आहे.

शाळांबाबतही घाई नको. आपल्या राज्यात शाळांमध्ये आनापानाचा 'मित्र उपक्रम' राबवला गेला आणि तो जेथे शिक्षकांनी स्वतः साधना करून चालवला, तेथे मुले आनंदाने बसतात. मात्र ब्रिटनमध्ये सुमारे 8,000 विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, वर्गात माइंडफुलनेसचे धडे दिल्याने नेहमीच्या शिक्षणापेक्षा मुलांच्या मानसिक आरोग्यात अधिक सुधारणा आढळली नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी सरावही केला नव्हता. वेळापत्रकातील आणखी एक तास म्हणून लादलेली गोष्ट मुलांच्या अंगी लागत नाही. आई-वडील आणि आजी-आजोबा वस्तीत बसताना दिसले, तर मुले आपणहून शेजारी येऊन बसतात, असे मी पाहिले आहे.

बैठक चालवायला फार काही लागत नाही. अर्धा तास पुरे. सुरुवातीला दोन वाक्यांची सूचना आणि घंटेचा एक टोला, शेवटी पुन्हा एक टोला. माइक नको, व्यासपीठ नको, हार-तुरे नकोत, प्रमुख पाहुणे तर मुळीच नकोत. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या हव्यात, आणि त्या मागच्या भिंतीशी ढकललेल्या नसाव्यात. सर्वांच्या बरोबरीने मांडलेल्या असाव्यात. मोबाइल दाराशी एका टोपलीत ठेवावेत. छायाचित्रे काढून व्हॉट्सॲपवर टाकण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण कॅमेरा आला की माणूस बसण्याऐवजी बसल्याचे दाखवू लागतो. वर्गणी घेऊ नये. कोणत्याही पक्षाचा फलक लावू नये. अर्ध्या तासानंतर ज्यांना बोलायचे असेल त्यांनी थोडे बोलावे, इतरांनी ऐकावे आणि मागितल्याशिवाय सल्ला देऊ नये. ही शेवटची अट पाळणे सर्वांत कठीण जाते, हे अनुभवाने सांगते. नागपूरच्या उन्हाळ्यात सायंकाळी सातलाही भिंती तापलेल्या असतात, त्यामुळे एप्रिल ते जून पहाटेचीच वेळ ठेवावी. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपकास बंदी आहे, त्यामुळे साडेपाच ते सहा ही वेळ कायद्यानेही शांततेचीच ठरते. हिवाळ्यात मोकळ्या मैदानात किंवा अंबाझरीसारख्या उद्यानात चंक्रमण, म्हणजे सावकाश, पावलाकडे लक्ष देऊन चालणे, करता येईल. ज्यांना बसणे जमतच नाही, त्यांनी चालण्यापासूनच सुरुवात करावी, असे मी तर सुचवीन.

खरी अडचण जागेची आहे. एका सभागृहाकडे आम्ही आठवड्यातील एका पहाटेची विचारणा केली, तेव्हा कोणत्या संस्थेचा कार्यक्रम आहे, उद्घाटन कोणाच्या हस्ते आहे आणि भाडे कोण भरणार, असे प्रश्न आले. आमची कोणतीही संस्था नाही, उद्घाटन नाही आणि भाडे भरण्याची ऐपतही नाही. तेव्हा तो विषय तेथेच थांबला. लग्न-वाढदिवसांसाठी सायंकाळी भाड्याने जाणारी ही सभागृहे पहाटे कुलूपबंद असतात. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या वास्तूंचा तो अर्धा तास नागरिकांना द्यायला कोणाचेही नुकसान होत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. महानगरपालिकेने आपल्या 10 झोनपैकी प्रत्येकात निदान एक समाजभवन आठवड्यातून एका पहाटे अर्ध्या तासासाठी विनाशुल्क खुले करावे आणि चावीची जबाबदारी परिसरातील दोन नागरिकांवर लेखी स्वरूपात सोपवावी. विहारांच्या समित्यांनी आपल्या नेहमीच्या ध्यानाची वेळ दाराबाहेर मराठीत व हिंदीत लिहून सर्वांचे स्वागत आहे असे जाहीर करावे, आणि आजूबाजूच्या घरांनी ते निमंत्रण स्वीकारावे. गुरुदेव सेवा मंडळाच्या शहरातील शाखांनी आपले पहाटेचे सामुदायिक ध्यान जवळच्या विहाराबरोबर महिन्यातून एकदा संयुक्तपणे करावे. ज्येष्ठ नागरिक मंडळांकडे आणि जुन्या वाचनालयांकडे जागाही आहे आणि सकाळी लवकर उठणारी माणसेही आहेत, त्यांना सुरुवात करणे सर्वांत सोपे जाईल. संयुक्त राष्ट्रसंघाने 2024 मध्ये 21 डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस म्हणून जाहीर केला आहे. त्या दिवशी मोठ्या मैदानात एकदाच हजारो माणसे बसवून कार्यक्रम उरकण्यापेक्षा, त्याच आठवड्यात शहरातील जितक्या वस्त्यांना शक्य आहे तितक्या वस्त्यांनी आपली साप्ताहिक बैठक सुरू करावी, आणि आपल्या दैनिकाने अशा बैठकींच्या जागा व वेळा शहर पुरवणीत दर आठवड्याला एका चौकटीत छापाव्यात, अशी आपल्याला नम्र विनंती आहे. कोणाला आपल्या भागात अशी बैठक सुरू करायची असल्यास आमच्या गटातील साधक पहिले काही आठवडे सोबत येऊन बसायला तयार आहेत. आपल्या कार्यालयाकडे तशी पत्रे आल्यास ती कृपया माझ्याकडे पाठवावीत.

आपली नम्र,
एक सेवानिवृत्त परिचारिका
हनुमाननगर, नागपूर